आजीच्या आठवणींची मालकी : कॅथलिक वृद्धेचे स्मरण आणि कथनाचे रूप

१

आजीचे स्मरण हा साहित्यातील एक निरुपद्रवी विषय समजला जातो. मराठी ललित गद्यापुरते बोलायचे तर आजी म्हणजे वात्सल्य, गोष्टी, ओव्या आणि चुलीची ऊब, असे एक समीकरण दीर्घकाळ रूढ आहे. या समीकरणात आजी ही व्यक्ती नसते, ती साठवण असते. तिच्यापाशी घराण्याची, भाषेची, श्रद्धेची शिदोरी असते आणि लिहिणाऱ्याने ती उघडायची असते. लेखनाच्या या प्रकारात गृहीत धरलेली एक गोष्ट सहसा तपासली जात नाही. आजीच्या आठवणी या नातवंडांच्या वारशाचाच भाग आहेत, त्या मिळवण्याचा हक्क मागून मिळवावा लागत नाही, तो जन्मानेच मिळतो, ही ती गोष्ट होय.

प्रस्तुत निबंधात या गृहीताची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी निवडलेले मुख्य उदाहरण अमेरिकन आहे : कॅथरिन ॲन पोर्टर यांची ‘द जिल्टिंग ऑफ ग्रॅनी वेदरऑल’ ही कथा. तिच्या शेजारी गाब्रिएल गार्सिआ मार्केस यांची उर्सुला इग्वारान, मेरी मॅकार्थी यांचे ‘मेमरीज ऑफ अ कॅथलिक गर्लहुड’ (१९५७) आणि मराठीतील लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवून पाहायची आहेत. या मांडणीत ‘कॅथलिक’ हे विशेषण केवळ पार्श्वभूमीदर्शक नाही. पापनिवेदन, जपमाळ आणि मरणासन्न माणसाला करावयाचा अभ्यंगसंस्कार या तीन आचारांनी आठवण कशी करावी, कोणापुढे करावी आणि केव्हा गप्प राहावे याचे वळण शतकानुशतके लावले आहे. हे वळण कथनाच्या रूपात उतरते, असा येथील दावा आहे.

२

पोर्टर यांची कथा पॅरिसहून निघणाऱ्या ‘ट्रान्झिशन’ या नियतकालिकात १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९३० मध्ये ‘फ्लॉवरिंग जुडास’ या संग्रहात आली. कथेचा बाह्य काळ एका दिवसाचा आहे. जवळजवळ ऐंशी वर्षांची एलन वेदरऑल मुलगी कॉर्नेलिया हिच्या घरी अंथरुणाला खिळलेली आहे. डॉक्टर येतो, पाद्री येतो, मुले जमतात, रात्री ती मरते. आतला काळ मात्र साठ वर्षांहून अधिक आहे. तरुणपणी लग्नाच्या दिवशी सारी सिद्धता झालेली असताना जॉर्ज नावाचा नियोजित वर आलाच नाही. पुढे जॉनशी लग्न झाले, मुले झाली, जॉन अकाली गेला. एलनने एकटीने शंभर एकरांना कुंपण घातले, त्याच्या खांबांचे खड्डे स्वतः खणले, हिवाळ्यात आडवाटांनी घोड्यावरून जाऊन बायकांची बाळंतपणे केली, मुले वाढवली. ‘वेदरऑल’ या आडनावातच सगळे ऊनपावसाळे सोसून उभे राहण्याचा अर्थ आहे, आणि कथा तो अर्थ एका पातळीवर सार्थ ठरवते.

या कथेमागील चरित्रविषयक एक वस्तुस्थिती तुलनाकाराने लक्षात घ्यावी अशी आहे. पोर्टर दोन वर्षांच्या असताना, १८९२ मध्ये, त्यांची आई वारली. टेक्सासमधील काइल या गावी आजीने त्यांना वाढवले. १९०१ मध्ये आजीही गेली. लेखिकेचे जन्मनाव कॅली रसेल. ‘कॅथरिन ॲन’ हे नाव तिने पुढे घेतले ते आजीचे. ही आजी कॅथलिक नव्हती, मेथडिस्ट होती. पोर्टर स्वतः कॅथलिक झाल्या त्या पहिल्या विवाहानंतर, १९१० मध्ये. एलन वेदरऑल म्हणजे कॅथरिन ॲन स्कॅग्ज पोर्टर नव्हे. कथेला चरित्र समजणे चूक ठरेल. तरीही, जिने आजीचे नाव स्वतःला घेतले तिने साहित्यातली वृद्धा निर्माण करताना तिला आजीचा धर्म न देता स्वतः स्वीकारलेला धर्म दिला, ही निवड बोलकी आहे. पोर्टर यांना कॅथलिक वृद्धा का हवी होती?

याचे एक उत्तर सामाजिक प्रतिष्ठेच्या दिशेने देता येते. दक्षिणेतील जुन्या घरंदाज परंपरेशी नाते सांगण्याची ओढ पोर्टर यांच्या आत्मकथनपर विधानांत दिसते आणि कॅथलिक संस्कार त्या चित्रात शोभून दिसतो. परंतु या उत्तराने कथेच्या रचनेचा उलगडा होत नाही. रचनेच्या दृष्टीने पाहता कॅथलिक धर्माने पोर्टर यांना तयार आकृतिबंध पुरवले : जिथे आठवण हे कर्तव्य आहे, जिथे ती ऐकणारा ठरलेला आहे आणि जिथे मृत्यू हा क्रमवार विधी आहे.

३

पहिला आकृतिबंध पापनिवेदनाचा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे असे बंधन घातले आणि त्याच कलमात धर्मगुरूने ते गुप्त राखावे असेही ठरवले. या दुहेरी नियमाचा अर्थ असा, की सामान्यातल्या सामान्य स्त्रीला आपले आयुष्य आठवून शब्दांत मांडण्याची सक्ती झाली आणि त्याच वेळी ते शब्द त्या दालनाबाहेर कधीही जाणार नाहीत याची हमीही मिळाली. मिशेल फूको यांनी ‘लैंगिकतेचा इतिहास’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१९७६) या सक्तीच्या बाजूवर भर दिला. पाश्चात्त्य माणूस हा कबुली देणारा प्राणी कसा झाला हे दाखवले. मात्र हमीची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सांगितलेले तिथेच थांबते, ही खात्री स्त्रीच्या खाजगी आयुष्याला एक संरक्षित जागा देते.

वेदरऑल आजी या जागेचा कसा उपयोग करते हे पाहण्यासारखे आहे. पाद्री कॉनोली येतो तेव्हा तिला पापनिवेदनाची गरज वाटत नाही. गेल्याच आठवड्यात आपण कम्युनियन घेतले, आपण काही एवढ्या पापी नाही, असा तिचा पवित्रा आहे. तिच्या लेखी परलोकाचा व्यवहार पूर्ण झालेला आहे. काही आवडत्या संतांशी तिचा आतल्या आत समझोता आहे, आणि तो जमिनीच्या सही झालेल्या कागदांइतकाच पक्का आहे, असे तिला वाटते. शेतजमिनीचे व्यवहार एकटीने केलेल्या स्त्रीची ही श्रद्धा आहे; तिच्यात भाबडेपणा नाही, दप्तर आहे.

मग जॉर्जचे प्रकरण या दप्तरात कुठे बसते? ते पाप नाही, कारण तिने काही केले नाही, तिच्यावर केले गेले. पापनिवेदनाच्या चौकटीत आपण केलेल्या अपराधांना स्थान आहे. आपल्यावर झालेल्या अपमानाला नाही. क्षमा मागण्याची भाषा तिथे उपलब्ध आहे, क्षमा न करण्याच्या हक्काची नाही. म्हणून साठ वर्षे नियमाने धर्माचरण करूनही हा सल त्या संरक्षित जागेत कधीच पोहोचलेला नाही. तो माळ्यावर पोहोचला आहे. जॉर्जची पत्रे, जॉनची पत्रे आणि तिने त्या दोघांना लिहिलेली पत्रे माळ्यावरच्या पेटीत आहेत, आणि अखेरच्या दिवशी तिला लागलेली चिंता अशी, की आपण गेल्यावर मुले ही पेटी उघडतील आणि आपण कधी काळी किती खुळ्या होतो हे त्यांना कळेल. ती पेटी उद्या आवरू, असे ती ठरवते. तो उद्या येत नाही.

कथेचा नैतिक पेच इथे आहे, असे प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे. आजवरच्या समीक्षेत पुष्कळ चर्चा झाली ती शेवटच्या प्रसंगाची : आजी तरली की बुडाली, तिची श्रद्धा खरी होती की व्यवहारी. हा प्रश्न धर्मशास्त्राच्या कक्षेतला आहे. पेटीचा प्रश्न कथनशास्त्राच्या कक्षेतला आहे, कारण जे मुलांनी वाचू नये असे तिला वाटते तेच वाचक वाचत असतो. कथेच्या पहिल्या वाक्यापासून आपण माळ्यावर चढलेलो असतो. पोर्टर यांची तंत्रदृष्टी अशी, की त्या पत्रांतील एकही ओळ आपल्यापुढे ठेवत नाहीत. आठवणी येतात, दस्तऐवज बंदच राहतो.

४

दुसरा आकृतिबंध जपमाळेचा. पोर्टर यांच्या कथेचे तंत्र संज्ञाप्रवाहाचे आहे आणि त्याचा संबंध जॉइस, वूल्फ यांच्याशी जोडण्याची प्रथा आहे. ‘ट्रान्झिशन’मध्येच त्या काळी जॉइसच्या नव्या कादंबरीचे अंश प्रसिद्ध होत होते, तेव्हा हा संबंध अयोग्य नाही. पण या तंत्राला आणखी एक, अधिक घरगुती पूर्वरूप आहे. पाच दशकांच्या जपमाळेत आरंभीच्या तीन धरून मारियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा म्हटली जाते. म्हणणाऱ्याचे ओठ ठरलेल्या शब्दांवर चालतात आणि त्याच वेळी मनाने ‘रहस्यां’चे, म्हणजे येशू आणि मारिया यांच्या आयुष्यातील प्रसंगांचे, चिंतन करायचे असते. परंपरेने ही रहस्ये पंधरा होती. पाच प्रकाशाची रहस्ये २००२ मध्ये जोडली गेली. म्हणजे रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर जपमाळ ओढणाऱ्या स्त्रीला आयुष्यभर एक दुपदरी सवय लागलेली असते : वरच्या पदरात पुनरावृत्त, सामूहिक, दुसऱ्याचे शब्द, खालच्या पदरात एका स्त्रीच्या आयुष्यातील प्रसंगांची मालिका, देवदूताच्या निरोपापासून पुत्राच्या मरणापर्यंत आणि पुढे. गोव्याच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी होणाऱ्या तेर्साची कल्पना असलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

पोर्टर यांच्या कथेची वीण अशीच दुपदरी आहे. वरच्या पदरात कॉर्नेलियाचे, डॉक्टरचे, पाद्र्याचे ठरीव बोलणे. खालच्या पदरात स्वतःच्या आयुष्याची रहस्ये. परंतु पंधरा रहस्यांच्या मालिकेत आनंद, दुःख आणि गौरव यांचा क्रम ठरलेला आहे. दुःखानंतर गौरव येणारच. आजीच्या मालिकेला असा क्रम नाही. जॉर्जला गाठून सांगावे, की तू नेलेले सगळे मला परत मिळाले, नवरा, मुले, घर, असे ती ठरवते आणि त्याच क्षणी तिला जाणवते, की काहीतरी परत मिळालेले नाही. ते काय, हे तिला सांगता येत नाही. कथाही सांगत नाही.

जपमाळेतील प्रत्येक दशकाच्या आरंभी जी प्रभूची प्रार्थना येते तिच्यात, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर, अशी याचना आहे. आणि मारियेच्या प्रार्थनेचा शेवट आपल्या मरणाच्या घटकेसाठी केलेल्या विनंतीने होतो. रोज त्रेपन्न वेळा मरणाची घटका उच्चारणाऱ्या स्त्रीची ती घटका प्रत्यक्ष येते तेव्हा माळ हातातून गळते. मुलगी लिडिया ती पुन्हा हातात ठेवते. मुलगा जिमी मदत करू पाहतो आणि आजीची बोटे त्याच्या अंगठ्याभोवती मिटतात. मण्यांनी आता भागणार नाही, काहीतरी जिवंत हवे, एवढे तिला कळते. आणि अगदी शेवटी तिच्या मनात उमटते ते क्षमेचे नाकारणे. आयुष्यभर म्हटलेल्या प्रार्थनेला तिने एकदाच, अखेरच्या घटकेला, स्वतःचे उत्तर दिले आहे.

इथे मराठी परंपरेतील एक तुलना उपयोगी पडते. जात्यावरची ओवी हीही पुनरावृत्तीची आणि श्रमाच्या लयीची रचना आहे. परंतु ओवीचा साचा मोकळा आहे. गाणारी त्यात भाऊ, सासर, माहेर, विठ्ठल, स्वतःचे दुःख असे काहीही भरू शकते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून केलेल्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या ओवीच्या या मोकळेपणामुळेच आयुष्याचे दस्तऐवज ठरतात. जपमाळेत शब्द बदलण्याची मुभा नाही. तिच्यात स्त्रीचे स्वतःचे आयुष्य शब्दांखालून वाहते आणि तिच्याबरोबर नाहीसे होते. म्हणून ओवी गाणाऱ्या आजीचे संकलन होऊ शकते. जपमाळ ओढणाऱ्या आजीसाठी कथाच लिहावी लागते.

५

तिसरा आकृतिबंध अंतिम अभ्यंगाचा. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी या संस्काराचे रूप बदलून तो आजारी माणसांसाठीचा अभ्यंग म्हणून नव्याने सिद्ध केला. पोर्टर यांच्या कथेच्या काळी तो मरणासन्नाचा संस्कार होता आणि त्यात डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय यांना तेल लावले जाई. पाद्री कॉनोली लॅटिन पुटपुटत आजीच्या पायांना स्पर्श करतो तेव्हा तिला गुदगुल्या होतात आणि हे काय चालवले आहे, मी लग्न झालेली बाई आहे, असे ती मनातल्या मनात खडसावते. या विनोदाच्या आड कथेचे दोन काळ एक झालेले आहेत : घरात पाद्री, सारी सिद्धता, आणि वराची वाट. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारिकांचा दृष्टान्त या प्रसंगामागे उभा आहे. पाच शहाण्या, पाच मूर्ख. शहाण्यांनी दिव्यासाठी तेल जपून ठेवले, वर उशिरा आला, त्या आत गेल्या, दार बंद झाले.

वेदरऑल आजी कोणत्याही निकषाने शहाणीच आहे. नीट लावलेल्या फडताळांपासून धुके उतरताना दिवे लावण्यापर्यंत सगळे तिने वेळेवर केले आहे. दिवा लागताच मुलांची भीती जाई आणि ती आईपासून दूर होत, ही तिच्या सुखाच्या आठवणींपैकी एक आहे. तेल होते, वात होती, वाट पाहणे होते. वर मात्र दुसऱ्यांदाही आला नाही. दृष्टान्तात दिवा विझतो तो निष्काळजी कुमारिकांचा. कथेत दिवा विझवते ती काळजी घेणारी, आणि स्वतःच फुंकर घालून. पोर्टर यांनी दृष्टान्त नाकारलेला नाही. त्यात ज्या शक्यतेची नोंद नाही ती त्यांनी नोंदवली : तयारी पूर्ण असूनही कोणी न येण्याची. हा निष्कर्ष नास्तिकाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण ज्या भाषेत तो मांडला गेला ती सर्वस्वी श्रद्धावंताची आहे.

मात्र या कथेला सहानुभूतीने वाचताना तिची एक आंधळी बाजू झाकता कामा नये. आजी रात्री जागून ज्यांची शुश्रूषा केल्याचे आठवते त्या यादीत आजारी घोडे, आजारी निग्रो आणि आजारी मुले एका दमात येतात. माणसांना दिलेले हे स्थान आजीच्या काळाचे आणि वर्गाचे आहे. तिच्या आठवणीत त्यांना नावे नाहीत. पोर्टर यांना हे दिसत नव्हते असे नाही. पुढील काळात ‘द ओल्ड ऑर्डर’ या शीर्षकाखाली एकत्र आलेल्या कथांत सोफिया जेन ही आजी आणि एके काळी तिची गुलाम असलेली नॅनी यांची आयुष्ये शेजारी ठेवली आहेत. ‘द लास्ट लीफ’ या कथेत आजीच्या मृत्यूनंतर नॅनी स्वतःचे वेगळे खोपटे मागून घेते आणि तिच्या जाण्यानंतर घर कोणाच्या कष्टावर चालले होते ते घराला कळते. आजीचे स्मरण जेव्हा घराण्याचे स्मरण होते तेव्हा त्यातून कोण गळते, हा प्रश्न इथे पोर्टर यांनीच उभा केला आहे.

६

‘शंभर वर्षांचे एकाकीपण’ (१९६७) मधील उर्सुला इग्वारान ही याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून जाणारी वृद्धा आहे. गार्सिआ मार्केस यांचे बालपण आराकाताका येथे आजी-आजोबांच्या घरी गेले, आणि आजी त्रांकिलीना इग्वारान ज्या निर्विकार चेहऱ्याने अद्‌भुत गोष्टी सांगे त्या स्वरातच आपल्याला कादंबरीचा स्वर सापडला, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. म्हणजे इथे आजीपासून घेतलेला वारसा हा आशयाचा नसून स्वराचा आहे. कादंबरीतली उर्सुला उतारवयात आंधळी होते आणि ते कोणाला कळू न देता वास, आवाज आणि घरच्यांच्या रोजच्या सवयी यांच्या आधाराने घरात वावरते. या अंधारात तिला मुलांची नवी ओळख पटते. अमारांता कठोर नव्हती आणि ऑरेलियानोने कोणावरच प्रेम केले नव्हते, असे तिला उमगते. पापनिवेदनाआधी केली जाणारी विवेकपरीक्षा तिने स्वतःऐवजी वंशाला लावली आहे, असे म्हणता येईल.

उर्सुलापाशीही एक पेटी आहे. युद्धकाळात कोणी अनोळखी माणसे घरात संत योसेफाची मूर्ती ठेवून गेली. तिच्या पोटात सोन्याची नाणी निघाली. खरा मालक येईपर्यंत ती जपायची म्हणून उर्सुलाने ती पुरली आणि जागा कोणालाही, मरेपर्यंत, सांगितली नाही. तिच्या पश्चात धर्मगुरू होण्यासाठी पाठवलेला आणि न होता परतलेला तिचा वंशज ते सोने शोधून काढतो, उधळतो, आणि त्याच सोन्यासाठी मारला जातो. वेदरऑल आजीची पत्रे आणि उर्सुलाची नाणी यांत साम्य आहे : दोन्ही ठेवी वंशजांसाठी नव्हत्या. उर्सुलेच्या लेखी ती अनामत होती, वारसा नव्हता. कादंबरी या दोहोंतला फरक विसरण्याची किंमत दाखवते. शेवटच्या वर्षांत नातवंडे-पतवंडे तिला बाहुलीसारखी खेळवतात, हा प्रसंगही याच अर्थाने वाचावा लागतो. वयोवृद्ध आजीला खेळणे करणे आणि तिच्या आठवणींना ठेवा म्हणणे यांत मानतो तितके अंतर नाही.

मेरी मॅकार्थी यांचा मार्ग तिसरा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आईवडील गेल्यावर मिनिॲपोलिसमध्ये ज्या कॅथलिक आजीच्या छत्राखाली त्या आल्या तिचे त्यांनी केलेले चित्रण कठोर आहे. धर्म तिच्या हाती शस्त्र झाला, असा त्याचा रोख आहे. परंतु पुस्तकात प्रकरणांना जोडलेल्या टिपणांतून लेखिका स्वतःच्याच कथनाची उलटतपासणी करते. इथे माझी खात्री नाही, इथे भावांना वेगळे आठवते, अशा नोंदी करते. रोष आणि पुरावा यांना एकाच पुस्तकात आमनेसामने बसवण्याचा हा प्रकार आहे. असे असूनही कॅथलिक आजीच्या अंतरंगात तिला प्रवेश मिळत नाही. पुस्तकाचा शेवट होतो तो ज्यू असलेल्या दुसऱ्या आजीवरील प्रकरणाने, आणि त्याचे शीर्षकच मला प्रश्न विचारू नका असे बजावणारे आहे. चौकशी कितीही प्रामाणिक असली तरी ती दारापर्यंतच जाते.

७

लक्ष्मीबाई टिळक या कॅथलिक नव्हत्या, आणि नेमका तोच फरक त्यांना या मांडणीत आणण्याचे कारण आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पतीने टाकलेल्या स्त्रीचे अनेक भोग त्यांनी भोगले आणि काही वर्षांनी स्वतःच्या निर्णयाने त्या त्या धर्मात आल्या. म्हणजे वर निघून गेल्याचा प्रसंग त्यांच्याही आयुष्यात आहे. परंतु १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या ‘स्मृतिचित्रे’त तो उघड, हसत, तपशीलवार सांगितला आहे. माळ्यावर काही ठेवलेले नाही. याचे श्रेय लक्ष्मीबाईंच्या स्वभावाला आणि त्यांच्या बोलत्या मराठीला आहेच. त्याबरोबर एक संस्थात्मक कारणही संभवते. टिळक ज्या प्रॉटेस्टंट मिशनच्या परंपरेत आले तिच्यात धर्मगुरूपुढील गुप्त पापनिवेदनाला स्थान नाही. तिथे प्रतिष्ठा आहे ती साक्षीला, मंडळीपुढे आपल्या आयुष्याची हकीकत सांगण्याला. साक्ष ऐकायला लोक लागतात. पापनिवेदनाला एकच कान लागतो.

हा भेद नियम म्हणून मांडता येणार नाही. अविलाच्या तेरेसाने सोळाव्या शतकात आत्मचरित्र लिहिले. पण ते कन्फेसरांच्या आज्ञेवरून आणि त्यांच्या तपासणीसाठी, हेही लक्षात घेतले पाहिजे. कॅथलिक स्त्री लिहू शकत नाही असे नव्हे. तिचा पहिला वाचक आधीच ठरलेला असतो. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनामुळे अपूर्ण राहिला. तो मुलाने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला आणि पुढे नातू अशोक टिळक यांनी ग्रंथाची सटीप आवृत्ती सिद्ध केली. आजीच्या शब्दांना नातवाने टीपा द्याव्यात, ही स्मरणाची एक वेगळी नीती आहे : शब्द तिचे, तळटीप त्याची. वेदरऑल आजीच्या बाबतीत हे शक्य नव्हते, कारण तिने शब्द मागे ठेवायचेच नव्हते.

८

या चार उदाहरणांवरून आजीच्या स्मरणाविषयी काय म्हणता येते? कॅथलिक वृद्धेच्या बाबतीत तीन आचारांनी आठवणीला वळण दिले : पापनिवेदनाने तिला बोलायला लावले पण एकाच व्यक्तीपुढे, जपमाळेने तिला दुसऱ्याच्या शब्दांखाली स्वतःचे आयुष्य वाहू देण्याची सवय लावली, अभ्यंगाने तिच्या अखेरीला विधीचे रूप दिले. या तिन्ही ठिकाणी जे मावले नाही ते, म्हणजे तिच्यावर झालेला अन्याय, कथेने उचलले. पोर्टर यांना कॅथलिक आजी हवी होती ती यासाठी. ज्या घरात सगळ्या गोष्टींना जागा नेमून दिलेली असते तिथेच जागा न मिळालेली गोष्ट ठळकपणे दिसते.

आज मौखिक इतिहास, स्त्री-आत्मकथने, वृद्धांच्या मुलाखती यांचे संकलन भारतीय भाषांतून मोठ्या प्रमाणावर होत आहे. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील वृद्धांच्या बोली, प्रार्थना आणि आठवणी नोंदवण्याची निकडही खरी आहे. त्या पिढीबरोबर शब्द जात आहेत. अशा कामात संग्राहक जे मागतो ते बहुधा सण, पाककृती, गाणी, लग्नविधी असते, म्हणजे समाजाचे असते आणि आजी ते आनंदाने देते. तिचे स्वतःचे असे जे असते ते ती देईलच असे नाही. ती गप्प राहिली तर त्या गप्प राहण्याची नोंद ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी होते. पोर्टर यांची कथा वाचलेल्या अभ्यासकाने ती नोंद निराळी करावी : माहिती होती, तिने दिली नाही.

हॅप्सी या आपल्या लाडक्या, बहुधा मृत, मुलीला शोधत वेदरऑल आजी मनोमन खोल्यांमागून खोल्या ओलांडते आणि अखेर ती सापडते तेव्हा हॅप्सीच्या कडेवर एक मूल असते. आजीला वाटते, आपणच हॅप्सी आहोत आणि ते मूलही हॅप्सीच आहे. आजी, मुलगी आणि नात यांच्यातील सीमा पुसण्याचा हा क्षण कथेत एकदाच येतो, आणि तो आजीच्या मनात येतो. सीमा पुसण्याचा हक्क तिचा आहे. लिहिणाऱ्या नातवंडाने ती सीमा शाबूत ठेवूनच लिहिले पाहिजे.